माझी लो-मेंटेनन्स बाग

माझ्या हातात काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही, पण झाडांना ते लगेच कळतं. आमच्या हॉलच्या एका भिंतीवर वेलीचं चित्र असलेला कागद चिकटवलाय. हिरवीगार वेल आणि वेलीवर दोन पोपट. तिच्याशेजारी मी आरामखुर्ची टाकली आणि वर्षभरात वेल पिवळी पडली. बायको म्हणते, उन्हानं रंग उडाला. मग पोपटांचा का नाही उडाला? ते अजून हिरवेगार आहेत. मी शेजारी बसलो की झाड जातं, पक्षी टिकतात, एवढाच त्याचा अर्थ.

खोटं वाटत असेल तर आमच्या इमारतीत कुणालाही विचारा. मी कुंडीत धने पेरले होते, ते महिन्याभरानं जसेच्या तसे परत मिळाले. कोथिंबीर नाही, कोंब नाही, धनेच. धुऊन आमटीत घातले. हिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी वाण म्हणून तुळशीचं रोप दिलं. तिनं ते माझ्या हाती सोपवलं आणि रोपानं माझ्याकडे एकदा बघून मान टाकली. पाणी घालायची वेळही आली नाही. तेव्हापासून इमारतीतल्या बायका मी जिना उतरताना दिसलो की दारातली तुळस आत घेतात, असं मला वाटतं. हिला तसं वाटत नाही, तिला खात्री आहे.

तर अशा माणसाची बाल्कनी जायची वेळ आली, आणि ती वाचवायला त्याला झाडं लावावी लागली. त्याची ही हकिगत.

आम्ही शनिवार पेठेत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी पश्चिमेला. इतरांच्या बाल्कनीत ऊन पडतं, आमच्याकडे ते मुक्कामाला येतं. बारा वाजता आलं की दिवेलागणीपर्यंत हलत नाही. हिनं वाळत घातलेले पापड आमच्याकडे भाजूनच आत यायचे. एकदा मी दुधाचं पातेलं बाल्कनीत विसरलो, संध्याकाळी त्यात खवा होता. शेजारच्यांनी चव घेऊन सांगितलं, साखर कमी आहे.

पण सकाळी, ऊन यायच्या आधी, तीच बाल्कनी म्हणजे माझं राज्य. निवृत्त झाल्यापासून मी तिथे खुर्ची टाकून चहा घेतो आणि खालच्या रस्त्याचा कारभार बघतो. कुणी स्कूटर तिरकी लावली की वरून सांगतो. कुणी टेम्पो मागे घेत असला की "येऊ दे, येऊ दे, बास!" असं ओरडतो. टेम्पोवाले ऐकतात की नाही ठाऊक नाही, पण मी गावाला गेलो असताना एकानं खांबाला ठोकली होती, हे खरं आहे.

हिची मात्र जन्मभराची एक अडचण होती. ही शिवणकाम करते. निम्म्या पेठेची ब्लाउजं हिच्या हातची आहेत. आणि तिचं पायमशीन आमच्या बेडरूममध्ये, कपाट आणि पलंग यांच्या मधल्या फटीत. मशीनवर बसायचं तर पलंगावर चढून पलीकडे उतरायचं. गिऱ्हाईक आलं की तेही पलंगावर बसून मापं देणार आणि त्याच पलंगावर मी झोपलेलो असणार. एका बाईंनी मला पांघरूण समजून बाजूला सारलं होतं. इतकी वर्षं ही काही बोलली नाही. बोलली ती दिवाळीनंतर, एका संध्याकाळी, बाल्कनीच्या दारात उभी राहून.

"मी ठरवलंय. बाल्कनीला काचा लावून घ्यायच्या. आत जाड पडदा. मशीन इथे येईल."

"आणि मी कुठे बसू?"

"आत बसा."

"आत काय दिसतं?"

"मी दिसते."

मी म्हटलं, "अगं, पण बाल्कनी मला लागते."

"कशाला? तिथे तुम्ही करता काय? बसता. बसायला बाल्कनी लागत नाही, बूड लागतं."

मी पुष्कळ वाद घातला. मोकळी हवा म्हटलं, आरोग्य म्हटलं, पक्षीनिरीक्षण म्हटलं. शेवटी तोंडून निघून गेलं, "मी तिथे बाग करणार आहे."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "करा. त्या बाल्कनीत तुमच्याशिवाय दुसरा कुठलाही जीव गुढीपाडव्यापर्यंत जगवून दाखवा. जगला, तर बाल्कनी तुमची, मी पुन्हा काचेचं नाव काढणार नाही. मेला, तर पाडव्याच्या मुहूर्तावर काचवाला येईल. आणि पाणी मी घालणार नाही. कामाच्या मावशींनाही सांगायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी मी तिला स्कूटरवर मागे बसवून खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत नेलं. साक्षीदार हवा म्हणून. तिथे काउंटरवर एक मुलगी होती, कानात एक यंत्र, हातात दुसरं.

"काका, लोकेशन काय?"

"शनिवार पेठ."

"तसं नाही, प्लान्टचं लोकेशन. इनडोअर, आउटडोअर?"

"बाल्कनी."

"सनलाइट डायरेक्ट की इनडायरेक्ट?"

"अगदी तोंडावर."

"ओके. आणि केअर किती घेऊ शकाल?"

हिनं मधेच सांगितलं, "तेवढं सोडून बोल."

मुलीनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बहुधा तिच्याकडे अशी जोडपी बरीच येत असावीत. म्हणाली, "मग आपण लो-मेंटेनन्स बघू या."

लो-मेंटेनन्स! मला तो शब्द इतका आवडला की मी तो तिथेच दोनतीनदा म्हणून पाहिला. ज्याला काही करावं लागत नाही, खायला-प्यायला विचारावं लागत नाही, रुसलं तर समजूत काढावी लागत नाही, असं या जगात काही मिळतं आणि तेही कुंडीसकट! मी म्हटलं, सगळं तेच दे.

तिनं आधी स्नेक प्लांट दाखवलं, तलवारीसारखी उभी पानं. "ह्याला फक्त विसरून जायचं काका. जितकं विसराल तितकं वाढतं."

"तसं असतं," ही म्हणाली, "तर आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं एव्हाना जंगल झालं असतं."

मग कोरफड घेतली. मग अडेनियम. हे झाड मला पाहताक्षणी आपलं वाटलं. खाली गोल सुटलेलं पोट, वर चार फांद्या आणि डोक्यावर विरळ पानं. "हे पोटात पाणी साठवतं," मुलगी म्हणाली. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांच्याशी जमेल त्याचं." शेवटी ऑफिस टाइमची दोन रोपं घेतली. जमिनीलगत पसरणारी, बारीक मांसल पानांची, गुलाबी फुलांची ही झाडं दहाच्या सुमारास फुलतात आणि ऊन उतरलं की मिटतात, म्हणून हे नाव.

"अहो, हे तर तुमच्यापेक्षा वक्तशीर आहे," ही म्हणाली. "तुम्ही नोकरीत असताना अकराला उघडायचात."

निघताना मुलीनं बजावलं, "काका, एकच रूल. मातीत बोट घालून बघायचं. ड्राय असेल तरच पाणी. डाउट आला, तर नाही घालायचं. झाडं पाण्यावाचून नाही मरत, पाण्यानं मरतात."

हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचा निम्मा प्रकार टळला असता. पण माझं लक्ष त्या शब्दावर होतं.

तो शब्द तोंडात घेऊनच मी इमारतीत शिरलो. अडेनियम छातीशी धरून जिना चढताना पहिल्या मजल्यावर आमचे सेक्रेटरी भेटले. हे गृहस्थ हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी झाले. मधली सुट्टी त्यांनी घेतली नाही. शब्द ते पागोळीसारखे वापरतात, एकेक थेंब.

"काय हे?"

"बाग!"

"आपली?"

"माझी! अहो, एकदम लो-मेंटेनन्स! बाल्कनीत कुंड्या ठेवल्या की काम झालं. मेंटेनन्स जवळजवळ नाहीच! मी तर म्हणतो, इमारतीत सगळ्यांनी हेच करायला पाहिजे!"

माझा आवाज मुळात नदीपलीकडे जाणारा, त्यात आनंद झालेला. सेक्रेटरी म्हणाले, "बरं." आमच्या पेठेत "बरं" याचे इतके अर्थ होतात की त्यावर कुणी रागावूही शकत नाही आणि खूषही होऊ शकत नाही. ते खाली गेले, मी वर गेलो. आणि जिन्यालगतचं एक अर्धवट उघडं दार हळूच बंद झालं. त्या दारामागे पहिल्या मजल्यावरच्या वहिनी होत्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या इमारतीत इंग्रजी शब्द भरपूर फिरतात, लिफ्टपेक्षा जास्त फिरतात. पण मेंटेनन्स या शब्दाला आमच्याकडे एकच अर्थ आहे: दर महिन्याला सोसायटीला भरायचा तो. दुसरा काही अर्थ असतो हे मलाही नर्सरीतच कळलं होतं. त्यामुळे वहिनींनी दारामागून जे ऐकलं त्याचा सरळ अर्थ असा झाला, की वरच्या भावजींनी बाल्कनीत कुंड्या ठेवल्या आणि त्यांचा मेंटेनन्स सेक्रेटरींनी जवळजवळ माफ केला. सेक्रेटरी त्यावर "बरं" म्हणाले, हेही त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दिवे लागायच्या आत ही बातमी गच्चीपर्यंत पोचली आणि पोचेपर्यंत तिला सरकारी योजनेचं रूप आलं. हवा शुद्ध करणाऱ्याला सवलत, असं काहीतरी.

हे सगळं मला फार नंतर कळलं. मला त्या वेळी दिसलं ते एवढंच, की आठवड्याभरात शेजारच्या बाल्कनीत दोन कुंड्या आल्या. मग वरच्या. मग समोरच्या. रिक्षातून कुंड्या उतरायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावर नागपूरकडची दोन पोरं भाड्यानं राहतात, संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहेत. त्यांना मी कधी केर काढताना पाहिलं नव्हतं, त्यांनी पाम आणला. आणि माझ्यासारख्या माणसानं यावरून काय समजावं? मी समजलो, की लोकांना माझ्यापासून स्फूर्ती मिळाली. मला तर रात्री स्वप्नात सत्कार दिसायला लागले. मी जिन्यात थांबून लोकांना मार्गदर्शन करू लागलो.

एकदा वहिनींनीच गाठलं.

"भावजी, खरं सांगा हं, किती कमी होतो?"

"काय, मेंटेनन्स? अहो, नसल्यासारखाच."

"अगंबाई! आणि लगेच होतो?"

"पहिले पंधरा दिवस थोडं बघावं लागतं. मग होतोच."

"आणि मोठी कुंडी ठेवली तर?"

"मोठी कुंडी, आणखी कमी," मी म्हटलं. हे अगदी शास्त्रीय आहे. मोठ्या कुंडीत ओल जास्त टिकते.

वहिनींनी डोळे मिटून हिशेब केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे एक अख्खं पिंप आलं आणि त्यात चाफा.

इकडे माझ्या राज्यात मात्र धरणीकंप व्हायला लागला होता. विसरून जायचं, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. पण निवृत्त माणसाला विसरायला दुसरं काही आठवायला तरी हवं ना? मी सकाळी उठलो की बाल्कनीत. ओल बघायला बोट घालायचो. बोट काढलं की कोरडं वाटायचं, म्हणून पाणी. पाणी घातलं की जास्त झालं का ते बघायला पुन्हा बोट. स्नेक प्लांट बिचारं विसरलं जाण्याची वाट बघत उभं आणि मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेलो. झाडाच्या जागी मी असतो तर पोलिसात गेलो असतो. हिनं पाण्याला बंधन घातलं होतं, खडकवासल्यात पाणी कमी आहे, कपात होणार आहे, बाल्कनीला दिवसाला एक बादली, वर थेंब नाही. मी ती एक बादली रोज इमानानं पाच कुंड्यांत रिकामी करत होतो.

अडेनियमचं पोट आधी फुगलं. मला वाटलं, बाळसं धरतंय. मग ते दाबलं की बोट आत जायला लागलं. एके सकाळी ते माझ्या देखत, चहाचा पहिला घोट घेताना, कुंडीबाहेर कललं आणि आडवं झालं. हिनं येऊन पाहिलं. "जलोदर," एवढंच म्हणाली. ऑफिस टाइमचं एक रोप कायमच्या रजेवर गेलं. दुसरं पिवळं पडलं. स्नेक प्लांटच्या बुडाशी काहीतरी मऊ लागायला लागलं. आणि एका दुपारी मी झोपेतून उठून पाहतो तर ही गळ्यातला टेप काढून बाल्कनीचं माप घेत होती. रुंदी, मग लांबी, मग मशीनच्या पाटाइतकी जागा हातानं आखून बघितली. चेहऱ्यावर असूया नाही, विजय नाही. एखाद्या बाईनं दुकानात साडी आवडल्यावर नुसता हात फिरवावा तसा तिनं त्या भिंतीवर हात फिरवला. पाडव्याला महिना राहिला होता. मी परत झोपलो, म्हणजे डोळे मिटले.

त्याच आठवड्यात गच्चीवर सोसायटीची मीटिंग लागली. सेक्रेटरींनी रविवारी सकाळी सगळ्यांना वर बोलावलं. आमच्या मीटिंगला एरवी तीन माणसं येतात आणि त्यातली दोन वाळत घातलेले कपडे काढायला आलेली असतात. त्या दिवशी गच्ची भरली होती.

"विषय एकच," सेक्रेटरी म्हणाले. "गेले तीन महिने मला जिन्यात, दारात, देवळात, आणि एकदा न्हाव्याच्या खुर्चीत गाठून एकच प्रश्न विचारला जातोय. कुंड्या ठेवल्या, मेंटेनन्स कधी कमी करता? मी आपणा सर्वांना विचारतो, हे कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. मागे टाकी होती.

"भावजींनीच सांगितलं. मोठ्या कुंडीला आणखी कमी, हेसुद्धा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो इतका पडला की भोवळ आली. मी उभा राहिलो आणि समजावून सांगितलं, की लो-मेंटेनन्स म्हणजे झाडाला पाणी कमी, खत कमी, देखभाल कमी. सोसायटीचा त्यात काही संबंध नाही. मी झाडांबद्दल बोलत होतो. मी कायम झाडांबद्दलच बोलत होतो.

मग नागपूरकडच्या पोरांपैकी एक हळूच म्हणाला, "म्हंजे काका, कमी नाही होत का?"

"नाही."

"मंग आमी रोज पाणी कायले घालून रायलो होतो?"

"पण तुम्ही तर भाडेकरू," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचा मेंटेनन्स मालक भरतात."

"हो नं. पण सारेच आणून रायले होते, म्हनून आमी बी आणलं."

मग जो गलका झाला त्यातलं मला फार थोडं आठवतं. वहिनी म्हणाल्या, पिंप वर चढवताना त्यांच्या यजमानांची पाठ धरली, ती अजून सुटलेली नाही. चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, त्यांनी सवलतीची आगाऊ बातमी मुलीच्या सासरी दिलीय, आता तोंड दाखवता येणार नाही. कुणी म्हणालं मुंग्या झाल्या, कुणी म्हणालं डास झाले. सेक्रेटरींनी हात वर केला.

"एक स्पष्ट करा. ह्या झाडांना सांभाळायला काही लागत नाही, असं आपलं म्हणणं आहे?"

"हो," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"जवळजवळ काहीच नाही."

"मग आपणच सांभाळा."

आमच्या गच्चीवर असं एकमत पूर्वी कधीही झालं नव्हतं. टाकीला कोणता रंग द्यायचा यावर टाकी गंजेपर्यंत मतभेद होते. इथे कुणी हातसुद्धा वर केला नाही, सगळे सरळ कुंड्या आणायला खाली गेले.

दुपारी जेवून मी दार उघडलं तर ते पुरतं उघडेना. देवळाबाहेर चपला असतात तशा आमच्या दाराबाहेर कुंड्या होत्या. जाई होती, जास्वंद होती, पाम होता, चाफ्याचं पिंप होतं. त्याच्यासोबत वहिनींचे पाठ धरलेले यजमान होते आणि "सावकाश" म्हणणाऱ्या वहिनी होत्या. सेक्रेटरींच्या मिसेसनं सर्वांत आधी कुंडी आणली होती हे तेव्हा उघड झालं. बोगनवेल, माझ्या डोक्याच्या वर गेलेली, हातभर काट्यांची. ती वर आणताना सेक्रेटरींनी एकदाही वर पाहिलं नाही.

सगळं बाल्कनीत भरायला दिवस मावळला. आधी कडेनं, मग कट्ट्यावर, मग लोखंडी मांडणीवर, मग एकमेकांच्या मांडीवर. शेवटी उरली माझी खुर्ची. ती उचलली आणि तिच्या जागी जास्वंद ठेवली. राहिलेल्या फटीतून आडवं होऊन, पोट आत घेऊन, एक माणूस कठड्यापर्यंत जाऊ शकत होता. श्वास परत आल्यावर सोडायचा.

ही सगळं दारातून बघत होती. म्हणाली, "एवढी सगळी मारायला तुम्हाला पाडव्यापर्यंत वेळ पुरणार नाही."

आणि गंमत बघा. ती खरंच मेली नाहीत. मी काही सुधारलो नव्हतो. बोट तेच, चिंता तीच, बादली तीच, एक, वर थेंब नाही. पण पूर्वी ती बादली पाच कुंड्यांच्या नरड्यात जात होती, आता अख्ख्या इमारतीत वाटली जायची. माझं प्रेम वाटणीला इतकं थोडं यायला लागलं, की ते झाडांना सोसलं. कुणाकुणाची पाळी तर चारचार दिवस यायची नाही. आणि मुख्य म्हणजे मी खरोखरच विसरायला लागलो. पाणी घालता घालता कुठपर्यंत आलो होतो तेच आठवायचं नाही. स्नेक प्लांट पामच्या मागे कुठेतरी दडलं होतं, ते पुन्हा दिसलं तेव्हा त्याला दोन नवी पानं होती. ऑफिस टाइमचं ते पिवळं रोप कठड्यावरून खाली लोंबलं आणि दहाच्या ठोक्याला फुलायला लागलं. मी दुसरीकडे बघत असताना ही सगळी झाडं माझ्या नकळत आपापली जगत होती.

पाडव्याच्या सकाळी हिनं पाहणी केली. आत जाता येत नव्हतं म्हणून दारातूनच केली. एकेक पान बघितलं.

"जगलीत," ती म्हणाली.

"सगळी?"

"त्या जाड्याचं आणि रजेवर गेलेल्याचं सोडा. पण मी एक जीव म्हटलं होतं, इथे जंगल आहे. बोललेलं मोडणार नाही. बाल्कनी तुमची." मग म्हणाली, "बसा."

कुठे बसणार?

तिनं काचवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मी ऐकत होतो. तिच्या आवाजात काही नव्हतं आणि तेच मला लागलं. फोन ठेवून ती गुढीच्या तयारीला लागली. गुढीला दर वर्षी ती स्वतः शिवलेलं रेशमी वस्त्र बांधते, जरीकाठाचं, चुण्या घातलेलं. काठीला वस्त्र, कडुलिंब, गाठी, वर तांब्या, सगळं बांधून तिनं गुढी माझ्या हातात दिली. कठड्याला बांधायची. मी पोट आत घेतलं आणि फटीत शिरलो. गुढी उभी केली. कठड्याला काठी टेकवली. आणि वस्त्र बोगनवेलीवर गेलं.

टर्रर्र असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता, पण रेशमाचा नाही.

"हलू नका!"

"हलत नाही."

"काढा काट्यातून. हळू. फाटलं का?"

"थोडंसं," मी म्हटलं. जरीचा काठ कोपरापर्यंत लोंबत होता.

"गुढी खाली घ्यायची नाही," ती म्हणाली. "एकदा उभी केली ती संध्याकाळपर्यंत उतरवायची नाही. आमच्या आईकडे कधी उतरवली नाही. धरून ठेवा."

"आणि हे असंच लोंबू द्यायचं? खालून वहिनी बघतायत."

तिनं लोंबणारा काठ पाहिला. मग आत गेली. मला आतून पलंग सरकल्याचा आवाज आला, मग कपाट, मग चाकांचा खडखडाट. ती पायमशीन ढकलत हॉलमधून आणत होती. गुढी मशीनकडे नेता येत नव्हती, म्हणून मशीन गुढीकडे येत होतं. बाल्कनीच्या दाराशी माझी आरामखुर्ची होती, ती तिनं एका धक्क्यात बाजूला सारली आणि मशीन उंबऱ्याला लावलं. मी फटीत उभा राहून काठी तिरकी धरली. तांब्या माझ्या डोक्याला टेकला होता, कडुलिंब नाकात जात होता. वस्त्राचं फाटकं टोक तिनं उंबऱ्यावरून आत ओढून सुईखाली घेतलं. मशीन धडधडायला लागलं तशी काठीही धडधडायला लागली आणि तिच्यामागून मी.

"हलू नका म्हटलं ना!"

"मी नाही हलत, तूच मला हलवतेस."

शिवून झालं. टाका दिसेनासा झाला होता. तिनं दोरा दातांनी तोडला आणि मी काठी सरळ केली. मग ती उठायची ती उठेना. तशीच बसून राहिली. बाहेर बघत होती. या खटाटोपात बारा वाजून गेले होते, एरवी या वेळी त्या जागी बसलं तर माणूस पापडासारखा फुगायचा. पण आता ऊन झाडांमधून येत होतं, पामच्या पात्यांतून चाळून. खाली फरशीवर जास्वंदीची सावली हलत होती. वारा येत होता.

"इथे बरं आहे की," ती म्हणाली.

मी फटीत होतो. मी म्हटलं, "हो."

"काचा लावल्या असत्या तर वारा आला नसता."

मशीन परत आत गेलं नाही. ते उंबऱ्याशीच आहे. गिऱ्हाइकं आली की माझ्या आरामखुर्चीत बसतात, चहा घेतात, बाल्कनीकडे बघून म्हणतात, काय छान बाग आहे हो तुमची. वहिनी तर येऊन चाफ्याला किती कळ्या आल्या ते मोजून जातात आणि प्रत्येक वेळी सांगतात, की हा त्यांचाच आहे. ही वर न बघता म्हणते, "ह्यांची आहे बाग. मी काही करत नाही." आणि खरंच काही करत नाही.

मी सकाळचा चहा बाल्कनीतच घेतो. बाल्कनी माझी आहे, तसं ठरलंय. उभ्यानं घेतो, पाठ कठड्याला, कप चाफ्याच्या पिंपावर. हिची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, त्यामुळे दुपारी मी कुंड्यांत बोटं घालत असलो की आतून हाक येते.

"अहो, सुई ओवून द्या. उजेड सगळा तुमच्याकडे आहे."

ती उंबऱ्यावरून सुई आणि दोरा पुढे करते. मी दोऱ्याचं टोक ओलं करतो, सुई उजेडात धरतो आणि एक डोळा मिटतो.

"सापडलं का भोक?"

"ऊन डोळ्यावर येतंय."

"मग बोगनवेलीकडे सरका थोडं."

मी सरकतो. टोचतं. दोरा जातो.